काळी पाचचे मामाजी

भंडारा जिल्ह्यातल्या भजन मंडळात टाळ कमी असले तरी चालतं, खंजिरीचं कातडं ढिलं पडलेलं असलं तरी चालतं, पण पट्टीवाला माणूस नसेल तर त्याला मंडळ म्हणत नाहीत. तो लाखनीकडे भेटतो, मोहाडीकडे भेटतो, पवनीच्या किल्ल्याजवळही भेटतो. आमच्या गावात तो सगळ्यांचा मामाजी आहे. पोरासोरांचा मामाजी, म्हाताऱ्यांचाही मामाजी, आणि ज्यांच्याशी बांधीच्या धुऱ्यावरून बोलणं बंद आहे त्यांचा 'ते मामाजी'. मी त्या मंडळाचा पेटीवाला. म्हणजे मामाजींच्या आवाजाचा सगळ्यात जवळचा साक्षीदार. डावा कान त्यांच्या बाजूला.

मामाजी येऊन बसले की आधी मफलर सुटतो. हा मफलर दिवाळीनंतर चढतो आणि रोवणे लागेपर्यंत उतरत नाही. मधे मे महिना येतो, भंडाऱ्याचा पारा पंचेचाळीसला जाऊन टेकतो, पण गळ्याच्या बाबतीत मामाजींचा तोही हिवाळाच. मफलर सुटला की खाकरणं. पहिलं खाकरणं देवाला कळावं म्हणून, दुसरं शेजारच्या मंडळाला कळावं म्हणून, आणि तिसरं आता थांबवत नाही म्हणून. मग मान वर, छाती पुढे आणि हुकूम:

"पेटीवाले, काळी पाच."

"मामाजी, आज काळी दोन घेऊ का जी? अभंग लांब आहे."

"काळी दोन? काहून, कोनी मेलं का?"

पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या काळ्या-पांढऱ्या सुरावर षड्ज धरून गायचं तो सूर, आणि आमच्याकडे ती ऐपत. सोयरीक बघायला आलेली माणसंसुद्धा पोराच्या बापाला धान किती पोते झालं हे विचारून झाल्यावर, भजनात कोणत्या पट्टीत गाता, असं सहज विचारतात. काळी चार म्हटलं तर माना डोलतात. काळी पाच म्हटलं तर चहात दूध जास्त पडतं. पांढरी एक म्हणणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. असेल तर त्यानं लग्न केलेलं नसावं.

आता पेटीवाला म्हणून खरं सांगतो. पुरुषाचा गळा साधारण काळी एक किंवा दोनला षड्ज धरला की सुखात असतो. काळी एकमध्ये तार षड्ज लावला तर गळ्यातले दोन स्वरतंतू सेकंदाला पावणेतीनशेच्या वर वेळा एकमेकांवर येऊन मिटतात. काळी पाचचा तार षड्ज लावला की हाच आकडा साडेचारशेच्या पुढे जातो. आणि हे तंतू केवढे? पुरुषाचे जेमतेम दोन सेंटिमीटर. ती पट्टी मुळात बायकांच्या गळ्याला सोयीची. मामाजींना हे एकदा सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यानंतर महिनाभर मी काळी पाचच्या वर हातच नेला नाही, खालीही नेला नाही.

पण मामाजींची एक बाजू आहे, आणि ती खोटी नाही. त्यांचे आजोबा खडी गंमतीत शाहीर होते. खडी गंमत म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा तमाशा. शाहीर उभा, ढोलकीवाला उभा, नाच्या उभा, रात्रभर सगळं उभ्यानं. एकीकडे कलगीवाले, दुसरीकडे तुरेवाले, एकमेकांना गाण्यातून सवाल टाकणारे. समोर बैलबंड्या सोडून बसलेलं चार गावचं माणूस, मधे शेकोट्या, लहान पोरांची रडारड. माइक नावाची वस्तू त्या वेळी गावात कुणी पाहिलेली नव्हती. शेवटच्या बंडीवरच्या माणसाला सवाल कळला नाही तर जबाबाला अर्थ नाही. अशा वेळी शाहिरानं पट्टी चढवली नाही तर काय करावं? पुण्यामुंबईच्या संगीत नाटकातले नटही माइक येण्याआधी चढ्या पट्टीतच गात, ते काही हौसेनं नाही.

मग वीज आली, माइक आला, भोंगा आला. शेवटच्या बंडीवरचा माणूस मोटारसायकलवर आला. सगळं बदललं, फक्त गळ्याला कुणी कळवलं नाही. मामाजी आजही माइक हातात घेतात आणि आजोबांच्या शेवटच्या बंडीला ऐकू जाईल असे गातात. भोंग्यासमोर बसलेल्या पहिल्या रांगेतल्या बाया पदर कानावर ओढतात, तो लाजेनं नव्हे.

त्यात भोंग्याचं तोंड लोकांकडे असतं. गाणाऱ्याला स्वतःचं काही ऐकू येत नाही. टाळ, खंजिरी, ढोलक मात्र कानाशीच. फ्रान्समधल्या एतिएन लोंबार नावाच्या कानाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये दाखवून दिलं, की आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, त्याला ते कळतही नाही. आमच्या मंडळात हे रोज घडतं. मामाजी चढले की ढोलकवाला चढतो, ढोलक चढला की टाळकरी, टाळ चढले की मामाजी पुन्हा. मी पेटीचा भाता हलवत राहतो, ती वाजते आहे की नाही हे फक्त देवाला माहीत. जुने शाहीर कानावर हात ठेवून गात, ते ऐटीसाठी नव्हे. तळवा आडवा धरला की आपलाच आवाज आपल्या कानात येतो. मामाजीही कानावर हात ठेवतात. पण दुसऱ्या हातात माइक असतो, आणि कानावरचा हात बोटं मिटून ठेवलेला असतो. फोटोत छान दिसतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. मामाजींचा त्यात उल्लेख नाही.

गळ्याची निगा हा मामाजींचा दुसरा विषय, आणि मला वाटतं पहिलाच. त्यांच्या घरी देव्हाऱ्याच्या खाली एक डबा आहे. त्यात ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर, सुंठ, कंकोळ, मधाची बाटली, आणि कुठल्या तरी बाबांनी दिलेली एक पुडी, जिच्यात काय आहे ते बाबांनाही आठवत नसावं. गार पाणी बंद. दही बंद. चिंच, बोर, आंबील, जवसाच्या चटणीवरचं तेल, सगळं बंद. लग्नात जेवायला बसले की वाढप्यांना धडकी भरते. मामाजी पानावर हात आडवा धरून एकेक पदार्थ गळ्याच्या नावानं परत पाठवतात. बायको म्हणते, "गरा यांचा, उपास माहा."

आता हे सगळं पोटात जातं. स्वरतंतूंपर्यंत त्यातलं काही पोचत नाही, पोचलं तर ठसका लागून माणूस कासावीस होतो. अन्नाची वाट वेगळी, आवाजाची वेगळी. मधे झाकण आहे. पाणी दिवसभर पोटभर पीत राहिलं तर ते रक्तातून हळूहळू गळ्याला ओल देतं, ही एवढी सोपी गोष्ट. पण मामाजी पाणी पितात ते गाण्याच्या आधी दोन घोट, कोमट, डोळे मिटून, आणि पिऊन झाल्यावर लगेच एक स्वर लावून बघतात, काम झालं की नाही.

आणि या सगळ्या पथ्यावर खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा, गालात धरायचा, आणि मग जगाबद्दल मत द्यायचं. मामाजी दही खात नाहीत, पण खर्रा घोटताना त्यांच्या अंगठ्याची लय ऐकून आमचा ढोलकवाला शिकला असं म्हणतात. मी एकदा बोललो. म्हणाले, "खर्रा गरम असते जी. कफ कापते." गळ्याच्या डॉक्टरांचं याबद्दल काय मत आहे, ते त्यांना लवकरच कळणार होतं.

झालं असं, की एका पौषात शेजारच्या तालुक्यात खंजिरी भजनाची स्पर्धा होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि विदर्भातल्या प्रत्येक गावाला वाटायला लागलं, की हे आपलंच वाद्य. महाराज १९५५ मध्ये जपानला गेले तेही खंजिरी घेऊन. तेव्हापासून आमच्याकडे खंजिरीच्या स्पर्धा सोडून देण्याची पद्धत नाही. आमच्या आधी जे मंडळ बसलं त्याचा गाणारा काळी चारला होता. मामाजींनी तिथेच ठरवलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पांढरी सात धर."

पांढरी सात म्हणजे काळी पाचच्याही वर. माझ्या पेटीवर त्या बाजूची एक पट्टी अशी होती, की तिला वर्षभर कुणी शिवलं नव्हतं आणि ती दाबली की कोंबडं आरवायची. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याला मामाजींच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. तिसऱ्या कडव्याच्या टिपेला त्यांचं तोंड उघडं, हात वर, डोळे आभाळात, आणि आवाज नाही. भोंग्यातून नुसती हवा. परीक्षकांना वाटलं माइक गेला. माइकवाला धावत आला, त्यानं वायर हलवली, "हॅलो, हॅलो" केलं, आणि त्याचा आवाज मात्र स्वच्छ आला. मामाजींनी त्या पोट्ट्याकडे जे पाहिलं, त्यावर एक वेगळा लेख होईल.

पुढचे दिवस मामाजी बोलले नाहीत. म्हणजे कुजबुजले. कुजबुज म्हणजे विश्रांती अशी त्यांची समजूत, आणि ती त्यांनी गावभर कुजबुजून सांगितली. आवाज आठवडाभरानं येतो म्हणाले, पंधरा दिवसांनी येतो म्हणाले. महिना झाला तेव्हा मामीजींनी त्यांना बसमध्ये घातलं. शहरातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नळीतून कॅमेरा घालून पाहिलं. स्वरतंतूंच्या दोन्ही काठांना, समोरासमोर, बारीक घट्टे. आरडाओरडा करणाऱ्या मास्तरांना, भाजीवाल्यांना, गाणाऱ्यांना होतात ते. डॉक्टर म्हणाले, कमी बोला, कुजबुजू अजिबात नका, त्यानं गळ्याला आराम मिळतोच असं नाही. खाकरू नका, खाकरलं की तंतू एकमेकांवर जोरात आदळतात. त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. खर्रा सोडा, तो नुसता गळ्याचाच नाही, तोंडाचाही प्रश्न आहे. आणि तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर घरी ज्येष्ठमध चघळत बसायचं नाही, दाखवायला यायचं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहून विचारलं: 'काळी पाच?'

डॉक्टरांना वाटलं ही गायीबद्दलची काही गोष्ट असावी.

उन्हाळ्यात मामाजींची भाची आली. ती नागपूरला गाणं शिकते. तिच्या हातात शीतपेयाची नळी आणि अर्धा पेला पाणी. "मामा, यात नळी बुडवून 'ऊ' म्हना. बुडबुडे आले पाह्यजे, पन गरा दुखला नाही पाह्यजे."

मामाजींनी इकडेतिकडे पाहिलं. ओसरीवर कुणी नव्हतं; म्हणजे मी होतो, पण मला ते गणत नाहीत. फुंकले. पाणी उडून भाचीच्या तोंडावर.

"एवढ्या जोरानं नाही. जोर लावायचाच नाही."

"जोर नाही तं आवाज कुठून निंगते पोरी?"

मला वाटतं मामाजींच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न या एका वाक्यात आहे, आणि अर्ध्या जिल्ह्याचाही. भाचीनं उत्तर तोंडानं दिलं नाही. आत गेली आणि पितळेचा गुंड घेऊन आली. भंडाऱ्याच्या कासारांनी घडवलेला जुना, मामीजींच्या माहेरचा. तो दोन्ही हातांनी घट्ट कवटाळून तिनं त्यावर टिचकी मारली. ठप्प. मग काठाला नुसत्या दोन बोटांनी उचलला आणि तेवढीच टिचकी मारली. गुंड वाजला, आणि वाजत राहिला. मामाजी गुंडाकडे बघत राहिले. मामीजी आतून म्हणाल्या, "माहा गुंड चेपवू नका."

नळीची युक्ती साधी आहे. तोंड जवळजवळ मिटलेलं असलं की बाहेर जाणारी हवा थोडी अडते, मागे हलका दाब राहतो, आणि स्वरतंतू एकमेकांवर न आपटता हलायला लागतात. ओठ मिटून गुणगुणलं तरी काम तेच होतं. आपल्याकडचे गवई पहाटे उठून मंद्रात खर्जाचा एकच स्वर घेऊन बसायचे, ओंकार लांबवायचे, त्यात हेच शहाणपण होतं. फक्त त्यांच्याकडे नळी नव्हती. श्वास छाती वर उचलून नाही, पोट आणि बरगड्या मोकळ्या सोडून. खांदे खाली. जबडा सैल. जबडा सैल करा म्हटल्यावर मामाजींचे हात आपोआप मुठी वळून गुडघ्यावर आले. भाचीनं त्या मुठी उघडल्या. तर पायाची बोटं वळली.

खर्जाला मामाजी फार घाबरले. हे मला नवीन होतं. वरच्या पट्टीत माणूस ओरडला की त्याचा स्वर नक्की कुठे आहे हे त्यालाही कळत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. दोघंही ओरडण्यातच समाधानी. खाली, हळू, एका श्वासात एक स्वर लावला की तो थरथरला, घसरला, कमी पडला, सगळं ऐकू येतं. मामाजी इतकी वर्षं वर होते ते खाली कुणी पाहू नये म्हणून, असा मला संशय आला. मी तो त्यांना सांगितला नाही. पेटी दुरुस्तीचे पैसे त्यांच्याकडे बाकी होते.

एकदा भाचीनं त्यांना कुमार गंधर्वांची गोष्ट सांगितली. ऐन तारुण्यात क्षय झाला, एक फुप्फुस गेल्यासारखंच. १९४८ मध्ये देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणंच बंद. मग १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले ते जेवढा श्वास होता तेवढ्यातच वेगळं गाणं उभं करून, आणि सगळ्या देशानं ते कान देऊन ऐकलं. मामाजी हात जोडून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे पाह्य. त्यायले दोन असते, तं त्यायनं काळी पाचच लावली असती."

भाची गेली. मामाजींनी नळी चालू ठेवली, आणि मला वाटलं आता माणूस सुधारणार. पण स्वभाव गळ्यात नसतो. पावसाळ्यात बांधीवरून आलो तर मामाजींच्या ओसरीवरून एक घोरल्यासारखा आवाज. प्लॅस्टिकची नळी त्यांना किरकोळ वाटली होती. त्यांनी शेजारच्या मावशींच्या पपईच्या झाडाच्या पानाचा देठ कापून आणला होता, हातभर लांब, आणि पेल्याऐवजी खाली तोच पितळेचा गुंड, काठोकाठ भरलेला. चेहरा लाल. डोळ्यांत पाणी.

"किती वेळ झाला?" एवढं विचारलं त्यांनी श्वास घेऊन.

"कशाला मोजता मामाजी?"

"पलीकडच्या मंडळाचा गडी चारीस सेकंद करते म्हंते."

म्हणजे पसरलं होतं. गावात तीन ओसऱ्यांवर गुंड भरले होते. ढोलकवाल्यानं एक आडवी काडी लावून देठ दुहेरी केला होता, त्याला तो 'स्टिरिओ' म्हणायचा. बुडबुड्यांवरून पैजा लागल्या. मोकळ्या गळ्यानं, विनाताणाचं, आरामात करायचं काम या माणसांनी शिरा तट्ट फुगवून करून दाखवलं.

तरी फरक पडला, हे कबूल केलं पाहिजे. खर्रा निम्म्यावर आला, पूर्ण सुटला नाही. खाकरणं तीनाचं एकावर आलं. नवरात्रात देवळापुढे बसलो तेव्हा मामाजींनी माझ्याकडे न बघता, ओठांच्या कोपऱ्यातून, उधारी मागावी तशा सुरात म्हटलं, "काळी दोन." मी दोनदा विचारून खात्री केली. त्या रात्री पहिल्यांदा मला माझी पेटी ऐकू आली. मामाजींचा आवाज गोल होता, भरलेला होता, शब्द कळत होते. त्या अभंगाचा अर्थ मला वीस वर्षं वाजवून पहिल्यांदा लागला. पहिल्या रांगेतल्या बायांचे पदर खांद्यावर होते. भजन संपल्यावर मागच्या रांगेतून एकानं पुढे येऊन विचारलं:

"आज मामाजी नाही आले का जी?"

झालं. पुढचं भजन काळी पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पुन्हा कुजबुजत होते. मी समजूत घालायला गेलो होतो, की लोकांची सवय आहे, चार वेळा ऐकतील तर त्यांनाही हे गोड लागेल. मामाजींना पटत होतं असं दिसत होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मावशी परसात आल्या. या मावशी रोवण्याला बायांच्या पुढे असतात. दिवसभर चिखलात वाकून गाणं सांगतात, आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला त्याच आवाजात हाक मारतात. त्यांनी पपईच्या झाडाकडे पाहिलं. झाडाला पपया होत्या, पान एकही नव्हतं.

मग त्या सुरू झाल्या. मफलर नाही, ज्येष्ठमध नाही, खाकरणं नाही. कमरेवर हात, खांदे सैल, तोंड मोकळं. पहिली शिवी देठ कापणाऱ्याला, दुसरी त्याच्या मंडळाला, तिसरी पेटीवाल्याला, जो दोषी नव्हता. एकेक शब्द तलावापलीकडे स्वच्छ पोचत होता. तिकडच्या काठावर म्हशी धुणारा माणूस हात थांबवून बघायला लागला. पाऊण तास झाला, आवाजाला ओरखडा नाही.

मामाजी मान खाली घालून ऐकत होते. बऱ्याच वेळानं माझ्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "पेटीवाले, हे कोनती पट्टी?"

मी सांगितलं नाही. पण त्यांना ओळखू आली असावी, कारण ते उठले आणि मावशींना मंडळात घ्यायचं का, हे विचारायला कुंपणाकडे गेले. तिथून त्यांना मिळालेलं उत्तर मीच काय, तलावापलीकडच्या माणसानंही ऐकलं.